रक्तातलं लोखंड

जालना
१२ नोव्हेंबर २०००

भालू,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करू नये, आधी काम सांगावं, असं हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला शिकवायच्या. तेव्हा कामाचं आधी. शेजारच्या उषाबाईंची धाकटी मुलगी या महिन्यात लंडनला नवऱ्याकडे चालली आहे. तिच्याबरोबर डबा पाठवते आहे. ती तिकडून तुझ्या लेस्टरच्या पत्त्यावर टपालाने लावून देईल. हळिवाचे लाडू आहेत. रोज सकाळी एक खा, दुधाबरोबर.

सूनबाईचं, मॉरीनचं, कार्ड आणि रोहनसकट तुम्हा तिघांचा फोटो मिळाला. दर वर्षी ती न चुकता पाठवते आणि खाली तुझं नावही तिच्याच अक्षरात असतं. यंदा तिने चार ओळी जास्त लिहिल्या आहेत. तू हल्ली लवकर थकतोस, रविवारची दुपार झोपून काढतोस, आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं इतकी दुखतात की कुणाशी हात मिळवताना तोंड वाकडं करतोस. तिने हे हसण्यावारी लिहिलं आहे. मी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

तिकडे ऊन नसतं ना रे? मग रंग असा कशाने झाला? लहानपणी तू माझ्यावर गेलास म्हणून साळूकाकू चिडवायच्या, प्रेमलाचं पोरगं म्हणजे दुधावरची साय. फोटोत तू राखेत तांबं कालवल्यासारखा दिसतोस. तुझ्या मोठ्या काकांचा, साळूकाकूंच्या कारभारींचा, रंग शेवटी असाच झाला होता. ते मंठ्याकडच्या उन्हात जन्म काढलेले शेतकरी, म्हणून तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मूठ वळली की तेही कळवळायचे. पण जाऊ दे. म्हाताऱ्या बाईला फोटोत काहीही दिसतं.

इकडे सगळं ठीक आहे. आपला धाकटा वसंता रोज गाडीने बदनापूरला जातो. तिथल्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाफ्यांवर देखरेख करतो. नंदा आणि तो सुखात आहेत. त्यालाही जरा अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी रक्त कमी असेल म्हणून लोहाचं औषध दिलं आहे. लाडू खरं म्हणजे त्याच्यासाठीच केले होते, मग तुझी आठवण झाली.

बाबांच्या तेराव्याला भरल्या पंगतीत तू म्हणालास की हा माणूस दारूने मेला आहे, गोडाधोडाचं नाटक कशाला. ते मी पुन्हा काढणार नाही. अकरा वर्षं काढलं नाही. त्या पंगतीतली माणसं मला अजून बाजारात भेटतात, एवढंच.

लाडू खा.

तुझी
आई

*

जालना
३ फेब्रुवारी २००१

भालू,

लाडू खाऊ नकोस. उरले असतील तर टाकून दे. मॉरीनने पालक, बीट, कसल्या ताकदीच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर त्याही बंद कर. आधी हे कर आणि मग पुढचं वाच.

औरंगाबादला एक नवे डॉक्टर आले आहेत, पोटाच्या विकारांचे. वसंताचा अशक्तपणा जाईना म्हणून मी त्याला तिकडे नेलं. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी वसंताचा हात हातात घेतला, पहिल्या दोन बोटांची पेरं दाबली. वसंताने हात ओढून घेतला. मग त्यांनी त्याची बाही वर सारून कातडीचा रंग पाहिला आणि विचारलं, घरात असं आणखी कुणाला होतं? मी मोठ्या काकांचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. तुझ्या फोटोचंही सांगितलं.

ते म्हणाले की वसंताचं रक्त कमी नाही. त्याच्या रक्तात लोखंड वाजवीपेक्षा जास्त आहे आणि ते वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये साठत गेलं आहे. आपल्या शरीराला जादा लोखंड बाहेर टाकता येत नाही. साधारण माणसाचं आतडं जेवणातून लागेल तेवढंच उचलतं. काही घराण्यांत हा आवर जन्मापासूनच नसतो. आणि अशा माणसाला मी तीन महिने चमच्याने लोहाचं औषध पाजलं, लोखंडी कढईतली भाजी वाढली, वर लाडू.

बाबांच्या वेळी काय झालं ते तुला आठवत असेल. तेव्हाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रोज किती घेता? बाबा म्हणाले, घेत नाही. ते हसले. तू बाबांच्या शेजारी उभा होतास. पुढे लिव्हरचा तुकडा काढून तपासला तेव्हा त्यात लोखंड सापडलं, कॅन्सरही सापडला. लोखंडाचं ऐकून ते म्हणाले, मिलमध्ये असता ना, मग बरोबर आहे. मला ते पटलं होतं. बाबा एमआयडीसीत सळयांच्या मिलवर पंधरा वर्षं होते. त्यांचा शर्ट भिजवला की बादलीतलं पाणी तांबूस व्हायचं. मला वाटलं, श्वासातून गेलं असेल, घामातून गेलं असेल. म्हणून तर वसंताला मिलच्या मालकांनी बोलावून नोकरी दिली तेव्हा मी नको म्हटलं आणि त्याला तुरीच्या शेतात पाठवलं. मोठ्या काकांनी नांगराच्या फाळापलीकडे लोखंड पाहिलं नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू दारू म्हणालास, मी मिल म्हणाले. दोघांचंही चुकलं.

तुला काय करायचं आहे ते सांगते. तिथल्या डॉक्टरला म्हण, रक्तातलं लोखंड बघा. त्या तपासणीचं नाव फेरिटिन. काकांनी पन्नाशी पाहिली नाही. बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले. तू अडतिसाव्यात आहेस.

वसंता ठीक आहे. औषध चालू आहे.

आई

*

जालना
२० मे २००१

भालू,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'भ'ला अजून तसाच वेढा देतोस. आधी लिफाफाच पुष्कळ वेळ हातात धरून बसले. आत मात्र सातच ओळी आहेत आणि त्या मला नाही, एखाद्या कचेरीला लिहिल्यासारख्या आहेत.

तू लिहितोस, तपासणी केली, रिपोर्ट स्वच्छ आला. हा रोग तिकडे आयरिश लोकांत फार, मॉरीनच्या मामांनाच आहे, म्हणून तिकडचे डॉक्टर तो चांगला ओळखतात. त्यांनी तुझ्या रक्तात त्याचा दोष शोधला आणि तो तुझ्यात नाही. तेव्हा बाबांचंही कारण वेगळं होतं, आणि ते काय होतं हे आपल्या दोघांना माहीत आहे.

हे वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. मी तुझं पत्र घेऊन औरंगाबादला गेले.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, फेरिटिन किती आहे? ते यात कुठे आहे? मी म्हटलं, स्वच्छ आहे असं लिहिलंय. ते म्हणाले, "आजी, त्यांनी गोऱ्या माणसांचा दोष शोधला. तो आपल्याकडे जवळजवळ नसतोच. ज्या दाराला कुलूप आहे की नाही हे त्यांनी पाहिलं, ते दार तुमच्या घराला नाहीच."

मी त्यांना नीट समजावून सांगायला लावलं. लोखंड साठतं तेच, लिव्हर सुकतं तेच, शेवटी कॅन्सर होतो तोही तसाच. पण प्रत्येक वंशाच्या माणसांत त्याची सुरुवात आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांवर निराळ्या ठिकाणी होते. गोऱ्यांत एका जागी, आफ्रिकेतल्या काळ्या लोकांत बहुधा दुसऱ्या, आपल्यात आणखी कुठे. गोऱ्यांची जागा सापडली, कारण तिकडे हजारो माणसांचं रक्त तपासलं गेलं. आपल्या माणसांचं कुणी तपासलंच नाही. म्हणून आपला दोष सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून कागदावर लिहितात, दोष नाही. त्याच रोगाने आपल्याकडचा माणूस गेला की दारू म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची.

भालू, मला हे ठामपणे लिहिता येतं कारण तुझ्यासारखाच स्वच्छ रिपोर्ट या घरात आधी येऊन गेला आहे. वसंताचं रक्त मुंबईला त्याच तपासणीला पाठवलं होतं. दोष नाही असं आलं. नंदाने पेढे आणले. आणि त्या वेळी त्याचं लिव्हर दगडासारखं झालेलं होतं. हे मी तुला आधी लिहिलं नाही. ठीक आहे, औषध चालू आहे, असं लिहिलं. औषध असं काही नाहीच यावर. एकच उपाय आहे, रक्त काढून टाकायचं. रक्त गेलं की शरीर नवं रक्त बनवायला साठलेलं लोखंड वापरतं. दर आठवड्याला एक बाटली, वर्ष दोन वर्षं.

इथल्या रक्तपेढीत त्याला परत पाठवलं, आजारी माणसाचं रक्त आम्ही काढत नाही म्हणाले. मग दर आठवड्याला औरंगाबाद. साळूकाकू मंठ्याहून आल्या होत्या, त्याही एकदा बरोबर आल्या. बाटली भरताना बघून डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाल्या, "अशक्त माणसाला रक्त चढवतेत, अन् तुम्ही काढून राह्यले. असला उलटा दवाखाना म्या न्हाई पाह्यला."

डॉक्टरांनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. घरात साठी पाहिलेला पुरुष कुणीच नाही का, असं विचारलं. तुझे आबा वयाच्या चौऱ्याऐंशीपर्यंत जगले, हे मी सांगितलं. ते बुचकळ्यात पडले. आता पुढचं लिहिताना या वयातही माझा हात अडतो. सिस्टर बर्नाडेटनी असल्या विषयावर पत्र कसं लिहावं हे शिकवलं नव्हतं. आबांना मूळव्याध होती. तरुणपणापासून, रक्ताची. मी काही बोलायच्या आत साळूकाकूंनी ते डॉक्टरांना तपशीलवार सांगितलं, धोतरं कोण धूत होतं तेही सांगितलं. मग स्वतःच थांबल्या. म्हणाल्या, "म्हंजी सासऱ्यानं चाळीस सालं सांडलं अन् जगला. ह्या लोकांनी जपून ठिवलं अन् गेले."

डॉक्टर म्हणाले, बरोबर. बायका तशाच वाचतात, निदान पन्नाशीपर्यंत. साळूकाकू त्यावरही काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात धरला.

परत येताना बसमध्ये त्या रडल्या. काकांच्या गळ्यात माळ होती. तरी काका गेले तेव्हा लोक म्हणाले होते, चोरून पीत असंल. साळूकाकूंनी ते वीस वर्षं ऐकून घेतलं.

फेरिटिन कर. दोष शोधू नका, लोखंड मोजा, असं सांग त्यांना.

आई

*

जालना
१९ ऑगस्ट २००१

भालू,

तुझं उत्तर नाही. सातवरून ओळी शून्यावर आल्या.

तू माझं ऐकणार नाहीस हे गृहीत धरून मी मॉरीनला इंग्रजीत वेगळं पत्र घातलं आहे. चाळीस वर्षांत इतकं लांब इंग्रजी लिहिलं नव्हतं. तिला सगळं लिहिलं, काकांचं, बाबांचं, आबांचंही. तिच्या मामांचं रक्त काढताना तिने पाहिलं आहे, तेव्हा तिला फार समजवावं लागणार नाही. तुझ्या पाठीमागे लिहिलं म्हणून रागावलास तर रागाव. त्या रागाची मला सवय आहे.

वसंताची सोनोग्राफी पुन्हा केली. लिव्हरच्या उजव्या बाजूला गाठ आहे, लिंबाएवढी. मी त्याला सांगितलं, पाण्याची गाठ आहे, जिरते. त्याने मान डोलावली. मग नंदाकडे बघून म्हणाला, आईला वाटतं मला रिपोर्ट वाचता येत नाही. आम्ही तिघंही हसलो. नंदा नंतर बराच वेळ मोरीत होती.

तो तुझी चौकशी करतो. दादाचं फेरिटिन आलं का, असं विचारतो. येईल, म्हणते.

आई

*

जालना
२ डिसेंबर २००१

भालू,

परवा फोनवर तुझा आवाज ओळखला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो अगदी बाबांसारखा झाला आहे.

तू बोललास ते जसंच्या तसं कानात आहे. मॉरीनने धरून नेलं. फेरिटिन तीन हजारांच्या वर निघालं. मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी आधी तुला विचारलं, रोज किती घेता? तू म्हणालास, घेत नाही. त्यांनी लिहून घेतलं. सुई घालून तुकडा काढायच्या आधी पुन्हा विचारलं. मग दुसऱ्या खोलीत मॉरीनला वेगळं विचारलं.

"आई, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही," तू म्हणालास. मग म्हणालास, "बाबा त्या दिवशी खोलीत माझ्याकडे बघत होते." पुढे मी तुला बोलू दिलं नाही, कारण फोनवर त्या गोष्टी मला पेलवल्या नसत्या. बाबांनी तुझ्याबद्दल कधीही वाकडा शब्द काढला नाही. शेवटच्या आठवड्यात एवढंच म्हणाले होते की डॉक्टर बोलला तर पोरगं काय करणार. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

मग तू म्हणालास, वसंताला दे. मी म्हटलं, झोपलाय.

भालू, वसंता दिवाळीच्या आधीच गेला. शेवटी पोटात पाणी झालं होतं आणि बोलणं असंबद्ध व्हायचं. तुरीच्या वाफ्यांना पाणी सोडलं का, असं नंदाला विचारत राहायचा. छत्तिसावं चालू होतं त्याला. तुझ्या लिव्हरच्या तुकड्याचा रिपोर्ट यायचा होता, आणि तो येईपर्यंत तुला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आता मला ते पाळवत नाही. नंदा माझ्याकडेच आहे. तेराव्याला साळूकाकू पंगतीत उभ्या राहिल्या आणि न विचारता सगळ्यांना म्हणाल्या, ह्या घरात कुणी पीत न्हाई, हा रक्ताचा रोग आहे, कान देऊन ऐका. माणसं खाली बघून जेवली.

तुझा रिपोर्ट आला की फोन कर. कितीही वाजलेले असोत.

आई

*

जालना
३ मार्च २००२

प्रिय भालू,

तुझं लांब पत्र मिळालं. आठ पानं. मी ते नंदाला वाचून दाखवलं, मधली दोन पानं सोडून. ती माझ्यापुरती ठेवली.

लिव्हरवर वण पडायला सुरुवात झाली आहे, पण वसंतासारखं दगड झालेलं नाही, हे मी इथल्या डॉक्टरांना सांगितलं. दर गुरुवारी एक बाटली काढतात हेही सांगितलं. ते म्हणाले, बरोबर चाललंय. तो ठिपका सांगितला, जो लिव्हरच्या फोटोत एकदा दिसतो आणि एकदा दिसत नाही. जूनमध्ये पुन्हा फोटो काढतील तेव्हा कळेल, एवढंच म्हणाले. रोहनबद्दल तू विचारलंस. बापाकडून आपला दोष, आईकडून तिच्या मामांचा, दोन्ही मिळून त्याच्यात काय होईल, हे आज कुणालाच माहीत नाही. आपला कुठे आहे तेच कुणाला माहीत नाही. पण लोखंड मोजता येतं. तो मोठा होईल तसं मोजत राहा. जगात त्याच्या तब्येतीची माहिती देणारं पुस्तक नाही, तेव्हा तुम्हीच ते ध्यानात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तू लिहितोस की तुला यायचं आहे. वसंताच्या खोलीत बसायचं आहे, साळूकाकूंच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे, बाबांच्या फोटोसमोर उभं राहायचं आहे. तिकिटं पाहिली आहेस, एप्रिलमध्ये एक महिना.

येऊ नकोस.

अकरा-बारा वर्षं मी रोज संध्याकाळी फाटकाकडे बघितलं आहे. तुझे बाबा गेले, तू गेलास, आता वसंता नाही. तू दारातून आत यावास यापलीकडे मला काही नको आहे, आणि म्हणूनच सांगते आहे. एक महिना म्हणजे चार गुरुवार. इथे रक्तपेढीत पुन्हा नाही म्हणतील, औरंगाबादचे डॉक्टर त्या महिन्यात परगावी असतील, बस चुकेल, तुला ताप येईल, तू म्हणशील एक आठवडा राहू दे. वसंताही म्हणाला होता, एक आठवडा राहू दे, तुरीची कापणी आहे. असे आठवडे साठतात. मला आता कुणाच्या पायांवर डोकं नको आहे. तुझं लिव्हर हवं आहे.

साळूकाकूंना मी विचारलं. त्यांना वाटलं होतं मी तुला बोलवावं. ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मंग त्याला म्हणावं, तिकडंच बस. तुझी आई मरंल त्याच्या आधी लोखंड संपव, अन् मंग ये." त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या आहेत आणि मी आधी जाणार असं धरून चालतात.

लोखंड उतरलं, डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांनी एकदाची बाटली पुरे म्हटलं, की त्या दिवशी तिकीट काढ. मी असेन किंवा नसेन. नंदा दार उघडील.

तोवर एवढं कर. गुरुवारी रक्त काढून झालं की फोन कर. मी इकडे फोनपाशी बसलेली असते. फार बोलू नकोस, पैसे घालवू नकोस, बाबांचं-वसंताचं काही काढू नकोस. फक्त 'दिलं' एवढं म्हण आणि ठेवून दे.

आई